तीन मिनिटं झाली, वाढवू का?

माझ्या शेजारी राहणाऱ्या साळवेताई एका रविवारी सकाळी मला अनफॉलो करायला घरी आल्या. येताना ताटलीत गरम धपाटे आणि त्यावर लोण्याचा गोळा. मी तोंड पुसत बाहेर आलो तेव्हा त्या खुर्चीच्या टोकावर ताठ बसल्या होत्या. मोबाईल मांडीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमची वेळ झाली. वाढवू का?"

सकाळच्या पहिल्या चहाआधी असं कुणी विचारलं तर माणसाला यमच आठवणार. मी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती ताटलीकडे बघत होती.

"अहो, मोबाईलवर मी तुम्हाला फॉलो करते ना, त्याचं म्हणते," ताई म्हणाल्या. "यादी लई वाढली. कमी करायला घेतली. तुम्ही तर भिंतीपलीकडं राहता. तुमच्या घरात काय शिजलं ते मला वासावरनं कळतं, भांडण कशावरनं झालं ते भिंतीतनं कळतं. राहिले ते तुमचे मकबऱ्याचे फोटो. आता मकबरा काय रोज बदलतो व्हय?"

घाव वर्मी बसला. मी रोज सकाळी स्कूटर काढून बीबी-का-मकबऱ्यापाशी नाहीतर शहराच्या एखाद्या जुन्या दरवाज्यापाशी जातो, फोटो काढतो, खाली आपल्या शहराबद्दल दोन अभिमानाच्या ओळी लिहितो आणि जगाला पाठवतो. जग म्हणजे मुख्यतः मेहुणे.

"वाढवा की," मी म्हणालो.

"कारण सांगा."

मी पुन्हा बायकोकडे पाहिलं; ती धपाट्याला लोणी लावत होती. ताईंनी शांतपणे बटण दाबलं, मोबाईल माझ्यासमोर धरून दाखवला आणि म्हणाल्या, "कापलं. राग नसावा. धपाटे गरम आहेत तवर खाऊन घ्या."

तुम्हालाही आजवर कितीतरी जणांनी अनफॉलो केलं असेल, पण गुपचूप. मला अनफॉलो करायला माणूस लोणी घेऊन घरी आलं. हे मी आजही चारचौघांत छाती पुढं काढून सांगतो.

निर्मलाताई साळवे टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. ज्यांना ट्रंक कॉल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एके काळी जालन्याच्या काकांशी बोलायचं तर आधी कॉल बुक करावा लागे आणि मग फोनपाशी पाय मुडपून बसून राहावं लागे. ऑर्डिनरी कॉल लागेपर्यंत काका एसटीनं स्वतःच येऊन पोचायचे. घाई असेल तर अर्जंट, आणि घरात काही बरंवाईट झालं असेल तर लाइटनिंग. एवढं करून कॉल लागला की तीन मिनिटं मिळत. ती संपली की दोघांच्या बोलण्यात एक गोड आवाज शिरायचा, "तीन मिनिटं झाली. वाढवू का?" औरंगाबादेत, तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं, तो आवाज पुष्कळदा आमच्या साळवेताईंचा असे.

ताईंना दोन आवाज आहेत. एक घरातला, त्यात त्या भाजीवाल्याशी "लई महाग लावलं बाबा" म्हणून घासाघीस करतात. दुसरा बोर्डावरचा. बोर्ड म्हणजे ज्यात दोऱ्या खोचून त्या कॉल जोडत असत तो. हा दुसरा आवाज लागला की त्यातून गाव, जात, वय, थकवा सगळं निघून जातं आणि उरते ती स्वच्छ, इस्त्री केलेली मराठी. तो वर चढत नाही, ओरडत नाही, पण गल्लीच्या शेवटच्या घरातल्या बहिऱ्या आजोबांनाही ऐकू जातो.

त्यांची दोन ब्रीदवाक्यं. पहिलं, "रिंग वाजली की उचलायचं." दुसरं, "आधी सांगायचं, मग कापायचं." अख्ख्या नोकरीत न सांगता एक कॉल कापला नाही, समोर मंत्री असो की धान्याच्या मोंढ्यातला हमाल, हे त्या इतक्यांदा सांगतात की गल्लीतल्या पोरांनाही पाठ झालंय. पण त्यात काही खोटं नाही. आणि असा अभिमान बाळगायला आयुष्य तसं घालवावं लागतं.

निवृत्त झाल्यावर भाच्यानं त्यांना मोबाईल घेऊन दिला आणि ताईंनी पहिलं ब्रीदवाक्य तिथं लागू केलं. ज्यानं ज्यानं त्यांना फॉलो केलं, त्याला त्यांनी फॉलो केलं. रिंग वाजली की उचलायचं. गुलमंडीतलं साड्यांचं दुकान, चिकलठाण्याचा पंक्चरवाला, परदेशातली कुणी केक करणारी बाई, ट्रॅक्टरचे सुटे भाग, योगासनं, आमच्या वॉर्डात निवडणुकीला उभं राहण्याच्या तयारीतले एक होतकरू पुढारी. शिवाय प्रत्येकाच्या नावापुढची घंटी त्यांनी चालू करून ठेवली होती. एकाची वाजवायची आणि एकाची नाही, हा दुजाभाव त्यांना पटत नव्हता. त्यामुळे त्यांचा मोबाईल दिवसभर देवळातल्या आरतीसारखा वाजत असे आणि त्यांच्यासकट कुणीही त्याकडे लक्ष देत नसे.

हे असंच चाललं असतं, पण मध्ये पाणी आलं. म्हणजे आलं आणि गेलं.

ती सलग कोरडी वर्षं होती. शहर मात्र वाढत होतं. बीड बायपासच्या पलीकडं, जिथं आम्ही हुरडा खायला जायचो तिथं टोलेजंग इमारती उठल्या होत्या आणि त्यांच्या प्रत्येक मजल्यावर चार-चार नळ होते. तितकं पाणी कुठून आणायचं? आमच्या गारखेड्यातल्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यातून एकदा येई, तेही कधी येईल याचा नेम नाही. आमच्या भागाचा लाइनमन मोठा भला माणूस. व्हॉल्व्ह फिरवायच्या आधी तो मोबाईलवर एक ओळ टाकायचा, "गल्ली चार, सोडतोय." बस्स. मग तासभर पाणी, आणि पुन्हा आठवडाभर ठणठण गोपाळ.

ती ओळ वाचून ताई गच्चीवर जात आणि बोर्डावरचा आवाज लावत. "लक्ष द्या. गल्ली क्रमांक चार. पाणी येत आहे. कृपया मोटारी चालू कराव्यात." की लगेच अख्ख्या गल्लीत मोटारी सुरू. आमचा ग्रुप वगैरे होता, पण त्यात पाण्यापेक्षा सुविचार जास्त, त्यामुळे सगळ्यांची भिस्त ताईंवर. शेजारच्या गल्लीचे लोक हेव्यानं बघत. त्यांच्याकडे मोबाईल होते, ताई नव्हत्या.

आणि एके दिवशी ताई चुकल्या. सकाळी त्या वाळूजला भाच्याकडच्या बारशाला गेल्या होत्या, मोबाईल पर्समध्ये. दुपारी रिक्षातून उतरता उतरता त्यांनी तो उघडला, तर त्यात फुलंच फुलं. गुलाब, मोगरा, कमळ, दव पडलेला गुलाब, चमचम करणारा गुलाब. सगळी एकाच बाईची. त्या बोटानं वर सरकवत राहिल्या, फुलं संपेनात, लाइनमनची ओळ दिसेना. कंटाळून त्यांनी मोबाईल ठेवून दिला आणि जरा आडव्या झाल्या. ती ओळ फुलांच्या खाली होती. पाणी आलं, कोरड्या मोटारींकडं बघत तासभर थांबलं आणि निघून गेलं.

त्याच आठवड्यात कुलकर्ण्यांच्या मुलीचा साखरपुडा होता. टँकरसाठी धावाधाव झाली, पाहुण्यांना हात धुवायला दिलेल्या लोटाभर पाण्याचाही हिशेब झाला. संध्याकाळी गल्लीची बैठक बसली आणि कुलकर्णीवहिनी बोलून गेल्या, "ताई, तुमचंही आता वय झालं. पुन्हा असं झालं तर आपण भोंगा बसवून घेऊ. रेकॉर्ड केलेला. बटण दाबलं की झालं."

ताईंचा चेहरा मी पाहिला. भोंगा! ज्या बाईच्या आवाजावर अर्धा मराठवाडा एकमेकांशी बोलला, तिच्या जागी भोंगा. दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "भाऊ, चूक बोर्डाची नाय, माझी आहे. आमच्या वेळी कॉल ज्या क्रमानं बुक झाला त्या क्रमानं लागायचा. हा मोबाईल मध्येच कुणालाही घुसवतो. मग गर्दी आपणच कमी करावी लागंल."

त्यांनी सगळ्या यादीची तीन गटांत विभागणी केली. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. लाइटनिंगमध्ये एकटा लाइनमन. अर्जंटमध्ये भाचा, दवाखाना आणि गॅसवाला. बाकी सगळे ऑर्डिनरी, आणि ऑर्डिनरीची वेळ झाली होती.

कुलकर्णीकाकांनी त्यांना एक सोपा उपाय सुचवला. म्हणे, एक ॲप मिळतं. त्याला आपला पासवर्ड द्यायचा, ते रातोरात यादी साफ करून देतं. ताई म्हणाल्या, "दुसऱ्याच्या हातात बोर्ड द्यायचा नाय. घराची किल्ली भंगारवाल्याला देऊन माळा आवरून घ्यायचा का?" काकांनी मात्र किल्ली दिली. दुसऱ्या दिवशी काकांच्या नावानं, काकांच्या मुंजीतल्या फोटोसकट, जगभर काळे गॉगल विकायला सुरुवात झाली. काकांच्या विहीणबाईंनी एक मागवलासुद्धा. खातं परत मिळवताना काकांची जी दमछाक झाली, ती पाहून गल्लीत ताईंचा भाव पुन्हा थोडा वधारला.

ताईंची पद्धत सावकाश. रोज थोडी नावं, त्याहून जास्त नाही. पहिल्याच दिवशी उत्साहात त्यांनी भराभरा कापाकापी केली होती, तेव्हा यंत्र बिथरलं आणि त्यानं त्यांना विचारलं, तुम्ही माणूस आहात का? सिद्ध करा. खालच्या चित्रांतल्या बस ओळखा. ताई मोबाईल घेऊन माझ्याकडे आल्या. "यातली एकबी एसटी नाय. मग बस कशी म्हणू?" अर्धा तास त्या चित्रांशी भांडत होत्या. शेवटी माणूस ठरल्या, पण तो अपमान त्यांच्या जिव्हारी लागला. तेव्हापासून रोज थोडंच.

आणि न सांगता एकही नाही. गावातल्या गावात असेल तर त्या स्वतः जात. साड्यांच्या दुकानात गेल्या, मालकाला विचारलं, "तुमची वेळ झाली. वाढवू का?" मालकाला वाटलं आयकरवाल्या आहेत. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, ब्लाउजपीस भेट दिलं. ताईंनी ब्लाउजपीस परत केलं, चहा घेतला आणि कापलं. होतकरू पुढाऱ्यांच्या ऑफिसात तर खळबळ उडाली. त्यांना आजवर लोक सोडून गेले होते, पण समोर येऊन, नमस्कार करून कुणी गेलं नव्हतं. "ताई, असं करू नका, मी उद्याच गल्लीत टँकर पाठवतो," ते काकुळतीला येऊन म्हणाले. टँकर खरंच आला. ताईंनी तो नीट रिकामा होऊ दिला आणि मग कापलं. "टँकर गल्लीसाठी होता," त्या म्हणाल्या, "वाढवायला कारण लागतं."

परदेशातल्या केकवाल्या बाईकडे जाणं शक्य नव्हतं. तिला त्यांनी खात्यातल्या जुन्या सवयीनं इंग्रजीत निरोप पाठवला, "युवर टाइम इज ओव्हर. एक्स्टेंड?" त्या बाईला तो जीवे मारण्याची धमकी वाटला असावा. तिनं उत्तर न देता ताईंनाच कायमचं बंद करून टाकलं. ताईंना फार वाईट वाटलं. "मी सांगून कापणार होते, तिनं न सांगता कापलं. जाऊ द्या, तिकडं ट्रेनिंग नसंल."

अशी यादी उतरत गेली. मी गेलो, पंक्चरवाला गेला, योगासनं गेली, ट्रॅक्टर गेले. मोबाईल शांत झाला. पण लाइनमनच्या ओळीच्या डोक्यावर अजून फुलं होतीच. सगळ्या जगाला कापणाऱ्या ताई त्या फुलंवाल्या बाईपाशी येऊन अडकल्या होत्या.

"खरं तर पाणी तिनंच बुडवलं. तिला का नाही कापत?" मी विचारलं.

"ती सिल्लोड आहे," ताई म्हणाल्या.

मग कळलं. सिल्लोड एक्स्चेंजला सलमाबी नावाच्या ऑपरेटर होत्या. सिल्लोडचा प्रत्येक कॉल औरंगाबादच्या बोर्डावरून जायचा, म्हणजे या दोघींच्या हातून. वर्षानुवर्षं रोज बोलणं, पण एकमेकींना नावानं कधी हाक मारली नाही. ही तिला म्हणायची सिल्लोड, ती हिला म्हणायची औरंगाबाद. कापसाचे भाव, लग्नं, बाळंतपणं, मयती, सगळं दोघींनी मिळून इकडून तिकडे जोडून दिलं. नंतर घरोघर एसटीडी आलं, बोर्ड बंद झाला, बदल्या झाल्या. मोबाईलवर त्या पुन्हा सापडल्या, त्याही नुसत्या नावानं, फोटोशिवाय. प्रत्यक्षात मात्र एकमेकींना कधीच पाहिलं नव्हतं. दीड तासाचा रस्ता, पण आवाज रोज भेटत होता तेव्हा जायचं कशाला, आणि आवाज बंद झाल्यावर जायचं कुठल्या तोंडानं?

"मग ताई, म्यूट करा," मी शहाणपणानं सांगितलं. "तिची फुलं तुम्हाला दिसणार नाहीत, आणि तिला कळणारसुद्धा नाही. एकदम सुरक्षित."

ताई माझ्याकडे अशा पाहू लागल्या की मी दोन पावलं मागे सरलो. "म्हणजे ती तिकडं बोलत बसणार, आणि मी इकडं हेडसेट काढून ठेवणार? आणि तिला वाटणार, मी ऐकते? भाऊ, बोर्डावर असं केलं असतं ना, तर नोकरीवरनं काढलं असतं. आणि काढायलाच पाहिजे होतं."

पण पेच खरा होता. पुढचं पाणी एक-दोन दिवसांत कधीही येणार होतं. पुन्हा चुकलं तर गच्चीवर भोंगा, आणि कापायचं तर सिल्लोड. ताईंचं जेवण कमी झालं. शेवटी एका सकाळी त्या नवी कोरी सुती साडी नेसून, धपाट्यांचा डबा घेऊन माझ्या दारात उभ्या. "भाऊ, गाडी काढा. सिल्लोडला सांगून यायचंय."

हर्सूल सुटलं आणि धूळ सुरू झाली. जळगाव रोड रुंद करायला उकरून ठेवला होता, झाडं गेलेली, दोन्ही बाजूंची कपाशी गुडघ्यालाही लागत नव्हती. ताई स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून बोर्डावरच्या आवाजात तालीम करत होत्या. "सिल्लोड, तुमची वेळ झाली." मग थांबून, "सिल्लोड, राग नसावा." फुलंब्रीच्या पुढं त्या मांडीवरचा डबा सारखा चाचपू लागल्या.

सलमाबींचं घर कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत निघालं. कडी वाजवली. दार उघडलं ते एका धिप्पाड, पांढऱ्या केसांच्या बाईनं, चौकट भरून टाकणाऱ्या. आमच्या ताई जेमतेम तिच्या खांद्याला. त्या वर बघत राहिल्या. मला वाटलं, पत्ता चुकला. पण ताईंनी पदर सारखा केला आणि तो आवाज लावला.

"हॅलो सिल्लोड. औरंगाबाद बोलत आहे."

त्या बाईचा हात कडीवर तसाच राहिला. "औरंगाबाद?" ती म्हणाली. आवाज इतका बारीक आणि गोड की त्या देहातून कसा निघाला कोण जाणे. "या अल्ला! आज लाईन लई साफ लागली गं!"

मग त्या दोघींनी एकमेकींना धरलं ते बराच वेळ सोडलंच नाही. मी डबा घेऊन उंबऱ्यात उभा.

"तू इतकीशी?" सलमाबी म्हणाल्या. "मी समजत होते, उंच, गोरीपान, साहेबिणीसारखी आसंल."

"आणि तू एवढी? आवाजावरनं मला वाटलं, फुंकर मारली तर उडशील."

आत पाणी आलं ते काठोकाठ भरलेल्या पेल्यांतून. त्या दिवसांत आमच्याकडे पाहुण्याला आधी विचारत, अर्धा देऊ की पूर्ण? सलमाबींनी विचारलं नाही. चहा झाला, धपाटे झाले, खिचडा झाला. अमक्या शेटजींचे लाइटनिंग कॉल कशाचे असायचे आणि तमक्या डॉक्टरांना रोज कोण फोन करायचं, यावर दोघी हसून हसून लाल झाल्या. आमच्या ताई अशा हसतात हे मला तोवर माहीत नव्हतं. पण मूळ विषय काही निघेना. मी दोनदा खाकरलो. ताईंनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

शेवटी सलमाबींनीच विचारलं, "औरंगाबाद, एक बोलू? त्या दिवशी दुपारपर्यंत कुठं होतीस तू?"

"बारशाला. का गं?"

"सकाळी टेस्टिंगचं फूल टाकलं, तर तुझा अंगठा नाय. परत टाकलं, नाय. मग टाकतच राहिले. जवाब येईपर्यंत रिंग देत राहायची, असंच शिकवलं होतं ना आपल्याला? मला वाटलं, लाईन तुटली की काय."

मला नंतर ताईंनी समजावून सांगितलं. रोज सकाळी बोर्ड सुरू करायच्या आधी प्रत्येक गावची लाईन तपासायची पद्धत होती. "औरंगाबाद, सिल्लोड. लाईन ओके?" इकडून "ओके" गेलं की दिवस सुरू. सलमाबींचं सकाळचं फूल म्हणजे तेच होतं. ताईंचा अंगठा म्हणजे ओके. ताईंना बापडीला वाटायचं, सिल्लोडला फुलांचा नाद आहे, म्हणून त्या सवड मिळेल तेव्हा अंगठा देत. जेवढा अंगठ्याला उशीर, तेवढी फुलं जास्त. आमच्या गल्लीचं पाणी लाईन टेस्टिंगमध्ये वाहून गेलं होतं.

"घरात मी एकटीच," सलमाबी म्हणाल्या. "पोरी सासरी. सकाळी तुझा ओके आला की मग चहा ठेवते."

"मीबी एकटीच असते, सिल्लोड," ताई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. ऑपरेटर मंडळींना रडताना आवाज न होऊ देण्याची सवय असावी.

माझ्यासारख्या माणसाला अशा वेळी गप्प बसवत नाही. मी म्हणालो, "अहो, मग तुम्ही एकमेकींना सरळ फोन का करत नाही?"

दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही अचकटविचकट बोललो. "स्वतःचा कॉल?" सलमाबी म्हणाल्या. "बोर्डावर बसून?"

खात्याचा नियमच तसा होता. ऑपरेटरनं ड्यूटीवर स्वतःसाठी कॉल लावायचा नाही. निवृत्तीला वर्षं उलटली होती, दोघींकडे एकमेकींचे नंबर होते, पण आपणही कुणाला कॉल लावू शकतो, हे दोघींच्या डोक्यातच आलं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी फक्त दुसऱ्यांना जोडून दिलं होतं.

ताईंनी डोळे पुसले, ताठ बसल्या आणि बोर्डावरच्या आवाजात पाणी, भोंगा, साखरपुडा सगळं सांगून टाकलं. मग म्हणाल्या, "सिल्लोड, फुलांची वेळ झाली. वाढवू का?"

"नक्को," सलमाबी म्हणाल्या. "पानी पहिले. काप. पण सांगायला इतक्या दूर आलीस गं."

आणि कुणाच्या हातात बोर्ड द्यायचा नाही म्हणणाऱ्या आमच्या ताईंनी आपला मोबाईल उचलून सलमाबींच्या हातात दिला. "तूच काप," त्या म्हणाल्या. सलमाबींनी ते बटण स्वतःच्या बोटानं दाबलं.

गच्चीवर भोंगा बसला नाही. त्यानंतर गल्ली चारचं पाणी एकदाही चुकलेलं नाही, आणि कुणी पाहुणा आला आणि नेमकी पाण्याची घोषणा झाली की आम्ही सगळे असे गप्प होतो की त्यानं तो आवाज नीट ऐकावा. कुलकर्णीवहिनी तर अंगणात येऊन उभ्या राहतात. परवा त्यांनी व्याह्यांना सांगितलेलं मी ऐकलं, "आमच्या ताई आहेत."

आणि सकाळी सात वाजता भिंतीतून ऐकू येतं, "हॅलो सिल्लोड, औरंगाबाद. लाईन ओके?" मग गॅस पेटल्याचा आवाज, कप ठेवल्याचा आवाज. मग घरातल्या मराठीत गप्पा, "लई ऊन पडलं बाई", "ते भेंडीचं काय झालं?" आणि थोड्या वेळानं मध्येच तो स्वच्छ, इस्त्रीचा आवाज लागतो, "तीन मिनिटं झाली. वाढवू का?"

पलीकडून काय उत्तर येतं ते मला ऐकू येत नाही. पण माझी दाढी होते, चहा होतो, मी मकबऱ्यापाशी जाऊन फोटो काढून परत येतो, तरी ताईंचं बोलणं चाललेलंच असतं.